एकची कळ

आमच्या घरात भात घड्याळावर शिजत नसे, स्पीडवर शिजे. बनशंकरीतल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत अण्णांचा टायपिंगचा क्लास होता. सीनिअर परीक्षेच्या मुलींची दहा मिनिटांची एक स्पीड, म्हणजे वेगाची चाचणी, संपली की आई भाताखालचा गॅस बारीक करायची, दुसरी संपली की बंद. अण्णा म्हणजे माझे वडील. निपाणीच्या बाजूला वडिलांना अण्णाच म्हणतात, आणि बेंगळुरूत येऊन एक पिढी झाली तरी आमचं घर त्याच बाजूचं राहिलं होतं. रात्री ज्वारीची भाकरी, बरोबर शेंगाचटणी, आणि दुपारचा भात उरला तर सकाळी त्याचं चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात. आठ मशीनं एका वेळी चालू झाली की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं. ओळ संपत आल्याची घंटी, मग कॅरेज ओढल्याची खर्रर्र, परत टकटक. मी या आवाजात अभ्यास केला, याच आवाजात दुपारी झोपले. मशीनच्या तेलाची बाटली जागा नाही म्हणून स्वयंपाकघरात गोडेतेलाशेजारी असायची, आणि एकदा आईने चित्रान्नाची फोडणी त्या तेलाची केली. अण्णांनी अर्धं ताट संपवलं आणि मग विचारलं, "आजचं लिंबू जुनं होतं काय गं?"

अण्णांचं शिकवणं एका वाक्यात सांगता येईल: वाचायचं नाही, उतरवायचं. नजर कागदावर, बोटं कळांवर, आणि डोकं त्या दोघांच्या मधे येऊ द्यायचं नाही. डोकं मधे आलं की हात अडतो, हात अडला की ताल जातो. सगळी अक्षरं सारख्या अंतराने पडली पाहिजेत, सोपं असो की अवघड. परीक्षेच्या आधी ते सरावाच्या उताऱ्यात मधेच एखादं भलतं वाक्य घालायचे. इंग्रजी सरकारी पत्र नीट चाललेलं असायचं, आणि तिसऱ्या परिच्छेदात या कार्यालयाच्या छतावर एक म्हैस बसलेली आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, असं यायचं. जी मुलगी हसली ती नापास, कारण तिने वाचलं. मी कधीही हसले नाही. खरं सांगायचं तर कितीतरी म्हशी माझ्या हातून कागदावर उतरल्या आणि मला पत्ता लागला नाही. अण्णांना याचा अभिमान होता. मलाही होता.

मग मुली यायच्या कमी झाल्या. आधी आठाची सहा मशीनं चालू राहिली, मग चार. आईचा भात दोन-तीनदा लागला, कारण संध्याकाळच्या तुकडीत स्पीड लावण्याइतक्या मुलीच नव्हत्या. सगळीकडे संगणकाचे क्लास निघाले होते, आणि तिथे थंड हवेची खोली होती. अण्णा गल्लीतून जाताना त्या पाट्यांकडे बघत नसत.

अशात जयनगरातली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी आमच्या दारात आली. दारात म्हणजे खरोखरच, तिथले आपटे सर क्लासची पाटी बघून चपला काढून आत आले. त्यांच्या परदेशातल्या एका गिऱ्हाइकाचा जुना प्रोग्रॅम फक्त कागदावर छापलेला उरला होता, मूळ कुठे गेला कुणाला ठाऊक नव्हतं. ते हजारो कागद संगणकावर परत टाइप करायचे होते, अक्षराला अक्षर. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं हे काम करायला तयार नव्हती आणि त्यांच्या हाताला वेगही नव्हता. अण्णांनी सहा मुली द्यायच्या, तीन महिने बघायचं. वेग आणि चुका दोन्ही ठीक निघाले तर सहाही जणी कायम, आणि पुढे दर वेळी नवी तुकडी अण्णांच्याच क्लासमधून. एवढं ठरलं. त्या संध्याकाळी अण्णांनी रिकाम्या चार मशीनांवरची कापडं काढून ती मशीनं पुसली.

सहांत मी एक. बी.एस्सी. झाले होते आणि घरी बसले होते. दुसरी रेणुका, आमच्याच मागच्या गल्लीतली, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिची आई बनशंकरीच्या देवळाबाहेर हार करून विकायची, आणि रेणुका शाळेत असल्यापासून सुटीत अण्णांकडे शिकायची. बाकी चौघी कन्नड घरांतल्या, त्यांच्याशी आम्ही कन्नडातच बोलत असू. रेणुकाच्या हाताचा वेग माझ्याहून जास्त होता. हे मी आज सहज लिहिते, तेव्हा मनातसुद्धा म्हणत नव्हते.

आपटे सर पुण्याचे. चार शब्द मराठी, चार इंग्रजी, आणि बाहेरच्यांशी हिंदी. आमचं मराठी ऐकून पहिल्याच दिवशी त्यांना हसू आलं. रेणुका म्हणाली, "सर, पहिला गठ्ठा मी घेतो."

"घेतो? तू मुलगी आहेस ना?"

"हाय की."

"मग घेते म्हण."

"सरी सर. मी घेते म्हणतो."

'सरी' म्हणजे कन्नडातलं 'बरं'. मी आता 'घेते' म्हणते. कधीपासून म्हणू लागले ते आठवत नाही.

पहिल्या शनिवारी सरांनी आम्हाला एकेक कागद दिला. आमच्या संगणकांत दर मिनिटाला किती कळा दाबल्या गेल्या हे मोजणारं काहीतरी बसवलेलं होतं आणि त्याचा आलेख छापला होता. आम्हाला वाटलं होतं सरळ रेघ येईल. आली ती करवतीच्या दात्यांसारखी. "हा ईसीजी कुणाचा आहे?" सरांनी माझा कागद वर धरून विचारलं. "पेशंट वाचेल ना?"

कारण समजायला मला तिसरा आठवडा उजाडला. प्रोग्रॅममध्ये अधूनमधून साध्या इंग्रजीत टिपा होत्या, कुणीतरी मागे कुणासाठी तरी लिहून ठेवलेल्या. तिथे हात पाण्यासारखा जायचा. खरा कोड सुरू झाला की वेग निम्म्यावर, कधी तिसऱ्या हिश्श्यावर. शब्द अर्धवट, स्वर गाळलेले, मधे रेघा. बोटांना इंग्रजीची सवय असते, एका अक्षरानंतर कुठलं येणार हे त्यांना आधीच कळलेलं असतं. इथे काहीच कळत नव्हतं. शिवाय कंस, अर्धविराम, अवतरणं, ओळ तोडायची कळ, सगळं उजव्या करंगळीच्या वाट्याला. महिरपी कंस तर आम्ही त्याआधी कधी दाबलाच नव्हता, आमच्या मशीनवर तो नव्हता. संध्याकाळी बसच्या दांडीला धरताना करंगळी मिटायची नाही. आम्ही सहा जणी एकमेकींच्या करंगळ्या ओढत बनशंकरीपर्यंत येत असू. जेवताना मला ताटातली भाकरी मोडायचा कंटाळा यायचा, आई दुधात कुस्करून द्यायची.

अण्णांनी आलेख बघितला आणि कागद दूर धरून परत बघितला. "हात सुटलाय तुमचा," म्हणाले. मी सांगितलं की कोड म्हणजे पत्र नव्हे, तो तालात येत नाही. ते म्हणाले, "अक्षर ते अक्षर. म्हैस काय, कंस काय." दुसऱ्या दिवसापासून सकाळी कामावर जाण्याआधी सहाही जणींनी अर्धा तास कंसांचा सराव करायचा असा हुकूम निघाला. मशीनवर महिरपी कंस नसल्यामुळे आम्ही साधे कंसच बडवत बसायचो. रेणुका डबा मांडीवर ठेवूनच बसायची. तिच्या डब्यात जवळजवळ रोज चित्रान्न असायचं, आणि दुपारी ती त्यातले शेंगदाणे वेचून माझ्या झाकणात टाकायची, कारण तिला दाताला त्रास होता.

आज माझ्या हाताखाली जी तरुण मुलं आहेत त्यांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांच्याकडे बराचसा कोड आता यंत्रच लिहून देतं, आणि ती तो वाचत बसतात. माझा स्वतःचा वेग आज मोजला तर शून्याच्या जवळपास येईल. वीस मिनिटं काहीच नाही, मग अर्धा मिनिट टकटक, मग परत काही नाही. आणि हेच कामाचं खरं मोजमाप आहे. मनगटाला पट्टा बांधून मी हे लिहिते आहे, म्हणजे तारुण्यातल्या वेगाची किंमत कशी फेडतात हे वेगळं सांगायला नको. पण तेव्हा वेग म्हणजे सगळं होतं.

दुसरा महिना संपताना माझ्याकडून अण्णांचा नियम मोडला. मी वाचायला लागले. जिथे हात अडत होता तिथे नुसतं अडून राहण्यापेक्षा हे काय चाललं आहे बघावं असं वाटलं, इतकंच. बी.एस्सी.ला संगणकाचा एक पेपर होता, त्यामुळे थोडंफार कळायचं. मग तिसऱ्या महिन्यात एका दुपारी जेवणाच्या सुटीत मी टाइप केलेला एक लहानसा तुकडा चालवून बघितला. तोवर कुणीच काही चालवून बघितलं नव्हतं, सगळे गठ्ठे पूर्ण झाल्यावर एकदम बघायचं असं सरांनी ठरवलं होतं. तो चालला नाही. संगणक म्हणाला, अमुक ओळीत एल नावाचं जे काही आहे ते मला माहीत नाही. मी ती ओळ बघितली. तिथे एक होता, आकडा एक. कागदावरही एक. मी दहा मिनिटं त्या एकाकडे बघत होते. मग ती ओळ पुन्हा टाइप केली, आणि या वेळी, बहुतेक जन्मात पहिल्यांदाच, स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

अण्णांच्या मशीनांवर एकची कळच नव्हती. तशी जुनी मशीनं पुष्कळ होती. आकडे दोनपासून सुरू व्हायचे. एक पाहिजे असेल तर इंग्रजीतला लहान एल दाबायचा. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, एक काय आणि एल काय. हे आम्हाला दुसऱ्या आठवड्यात शिकवलं जायचं आणि तिसऱ्या आठवड्यात आम्ही शिकलो आहोत हेही विसरून जायचो. संगणकाच्या कळफलकावर डाव्या कोपऱ्यात एकची कळ होती. पण आम्ही कळांकडे बघत नव्हतो, तेच तर शिकलो होतो. त्या पडद्यावरही एल आणि एक जुळे भाऊ दिसायचे. अडीच महिने मी प्रत्येक एकच्या जागी एल घातला होता, सफाईने, तालात.

बहुतेक एल संगणकाने पकडले असते. पण त्या प्रोग्रॅममध्ये मूळ लिहिणाऱ्याने बऱ्याच ठिकाणी लांबीला एल असंच नाव दिलं होतं. तिथे माझा खोटा एल त्याच्या खऱ्या एलमध्ये मिसळून जात होता. तसा प्रोग्रॅम तक्रार न करता चालतो आणि चुकीचं उत्तर देतो.

पुढे मी काय केलं ते मी अनेक वेळा स्वतःला वेगवेगळ्या रीतीने सांगितलं आहे. इथे एकदाच लिहिते. मी माझ्या फाइली दुरुस्त करायला घेतल्या. रोज नवीन गठ्ठा टाइप करायचा आणि मधल्या वेळात मागचे कागद काढून एकेक एल तपासायचा. माझा आलेख घसरला. सर म्हणाले, "मंगल, तुझं काय चाललंय? रेणुकाकडे बघ जरा." रेणुकाचा आलेख वरवर चालला होता. तिच्या शेजारीच माझी खुर्ची होती. तिचं उजवं तिसरं बोट एलवर पडताना मला दिसत होतं, दर दोन-तीन ओळींनी एकदा.

सांगितलं नाही. पहिल्या दिवशी वाटलं, आधी खात्री करू. दुसऱ्या दिवशी वाटलं, सहाही जणी दुरुस्तीला लागल्या तर सहाही आलेख घसरतील आणि तुकडीच जाईल. चौथ्या दिवशी वाटलं, हे अण्णांच्या कानावर गेलं तर त्यांना कळेल की चूक मुलींची नाही, शिकवण्याची आहे. ही सगळी कारणं खरी होती. पण पहिल्या दिवशीच एक कारण होतं ते यांच्या खाली होतं: सहांत एकीच्याच फाइली बिनचूक निघाल्या तर ती एक मी असेन. दहा दिवस रेणुकाने माझ्या झाकणात शेंगदाणे टाकले आणि मी खाल्ले.

तीन महिने भरले त्या शुक्रवारी सरांनी सगळ्यांच्या फाइली चालवल्या. आम्ही भिंतीला टेकून उभ्या होतो. रेणुकाची पहिली फाइल लावली आणि पडदा चुकांनी भरला, वर सरकत राहिला. दुसरी, तशीच. मग दुसऱ्या मुलीची. पाच जणींच्या झाल्या. माझी लावली, आणि पडदा स्वच्छ राहिला.

"हे एल आले कुठून?" सरांनी विचारलं. ते चिडले नव्हते, त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

रेणुकाने पुढे होऊन पडदा बघितला. तिला लगेच कळलं. "आम्ही एक असाच मारतो सर. अण्णांच्या मशीनवर एक नाही."

"मग मंगलच्या फाइलीत एक कसा आला?"

मी म्हणाले, "माझ्या लक्षात आलं होतं. मी काढले."

"कधी?"

"दहा दिवस झाले."

मला वाटलं होतं ते रागावतील. ते खूश झाले. बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "बघा, ह्याला म्हणतात क्वालिटी. कुणी न सांगता स्वतःचं काम चेक केलं." त्या पाच जणींना सोमवारपासून यायचं नव्हतं, आणि मला यायचं होतं, टायपिस्ट म्हणून नव्हे, प्रोग्रॅम शिकायला. क्लासमधून पुढची तुकडी घेण्याचा विषय त्यांनी काढला नाही.

बसस्टॉपवर चौघी जरा बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. रेणुका माझ्याजवळ आली.

"अक्का, मी तुझ्या शेजारी बसत होतो की."

"होय."

"नुसतं कोपराने ढोसलं असतंस तर चाललं असतं. बोलायचं पण नको होतं."

मी म्हणाले, सगळ्यांचे आलेख घसरले असते. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सरी," आणि आमची बस आली तेव्हा ती चढली नाही. पुढच्या बसने येतो म्हणाली.

अण्णांना मी जेवताना सांगितलं, एल कसा पडला तेवढं. त्यांनी भाकरी खाली ठेवली, उठून पुढच्या खोलीत गेले आणि एका मशीनवर हात ठेवून उभे राहिले, जणू प्रथमच त्या कळा मोजत आहेत. परत येऊन म्हणाले, "तीस वर्षं मी हे शिकवलं. तिथे ते बरोबर होतं." आईने वरण वाढलं. ते न जेवता हात धुऊन आले.

शनिवारी सकाळी ते जयनगरला गेले, मला न विचारता. इस्त्रीचा सदरा घालून. पाच मुलींना दहा दिवस द्या, चूक माझी आहे, त्यांची नाही, एवढं सांगायला. दुपारी परतले. आई दारातच होती, तिने विचारलं काय झालं. त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि माझ्याकडे न बघता तिलाच सांगितलं.

"वेळ नाही म्हणाले. म्हणाले, सगळ्या तुमच्या मुलीसारख्या असत्या तर प्रश्नच नव्हता. दहा दिवस आधी तिच्या लक्षात आलं म्हणाले."

आईने माझ्याकडे बघितलं. दहा दिवसांचं मी घरी बोलले नव्हते.

"मग तुम्ही काय म्हणाला?"

"मी म्हटलं, हिला वेग मी शिकवला. गप्प बसायला ती आपली आपण शिकली."

त्यांनी मला त्यानंतर कधी त्याबद्दल विचारलं नाही, आणि सोमवारी मी निघाले तेव्हा डबा घेतलास का एवढं विचारलं. ऑफिसात आपटे सरांनी मला नवीन जागा दिली, खिडकीजवळची. पहिलं काम म्हणून रेणुकाच्या आणि बाकी चौघींच्या सगळ्या फाइली दिल्या. संगणकाने तक्रार केलेले एल त्याच्याकडूनच शोधून घेतले, उरलेले कागद समोर ठेवून डोळ्यांनी काढले. पाचही जणींचं सगळं काम बिनचूक करायला मला दीड दिवस लागला, आणि त्यात जेवणाची सुटी धरली आहे.